बादलीच्या कडीचा ट्रे

"नको, साफ करून देऊ नकोस. आहे तसा दे. खवल्यांसकट, आतड्यांसकट, डोळे वटारून बघतोय तसाच दे."

मासळीवालीची सुरी हवेतच थांबली. तिनं समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग साफ कोण करणार? तुझा पाहुणा?"

"पाहुण्याला कुणी कामाला लावतं का? मी करणार."

पाहुणा म्हणजे त्या बाईचा, पत्रेवालीचा, डावा हात. मागच्या थंडीत तिच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. जीभही सुधारली, ती तर पहिल्यापेक्षा जास्तच चालायला लागली असं गल्लीचं मत होतं. डावा हात मात्र कोपरापासून खाली जो रुसून बसला, तो उठला नाही. त्याला पाहुणा हे नाव तिनंच ठेवलं. नुसता बसून राहतो, इकडची काडी तिकडं करत नाही, आणि गारठा पडला की त्याला पांघरूणही आपणच घालायचं. पाहुणा नाही तर काय म्हणायचं त्याला?

"एका हातानं खवले काढणार तू?" मासळीवालीनं विचारलं.

"तू दोन हातांनी काढतेस, तरी गिऱ्हाइकाच्या दातात येतात. एकानं काय होतंय ते बघू."

मासळीवाली खदखदून हसली. पाटीतला सगळ्यात खाली दडवलेला मासा तिनं ओढून काढला. हातभर लांब, डोक्याकडं ठोसर आणि शेपटीकडं निमुळता होत गेलेला. कल्ले उचलून लालभडक दाखवले, पिशवीत घातला, पिशवी पत्रेवालीच्या उजव्या मनगटात अडकवून दिली. मग जाता जाता बोलल्यासारखं म्हणाली, की तिच्या बर्फाच्या पेटीचं बूड गेलंय, दिवसभर पाणी पायावर गळतं, चपला कुजल्या.

"संध्याकाळी घेऊन ये," पत्रेवाली म्हणाली.

"संध्याकाळी तू दुकानात असशील ना पण?"

म्हणजे बाजारभर झालं होतं तर. पत्रेवालीनं पिशवी सावरली. "मी नसेन तर कोण असेल, मासा?" असं म्हणून ती चालू लागली. उजवा पाय टाच टेकून, डावा थोडा फरफटत, पण मान अशी ताठ की मागून बघणाऱ्याला वाटावं, फरफटणारा पाय रस्त्याचाच असेल.

बाजारभर झालेली गोष्ट अशी होती.

पत्रेवालीचं दुकान म्हणजे रस्त्याकडं तोंड केलेली एक खोली आणि मागं राहायची एक. पुढच्या खोलीत भिंतीला पत्र्याची गुंडाळी, कातरी, लाकडी मोगऱ्या, टेबलाला घट्ट बसवलेला व्हाइस, म्हणजे वस्तू पकडून धरणारा लोखंडी जबडा, आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी. लग्न होऊन आली तेव्हा नवरा पत्रा कापायचा आणि ती वाकवायची. पुढं तो गेला आणि कापणं-वाकवणं दोन्ही तिच्याकडं आलं. बादल्या, डबे, नरसाळी, पन्हळी, धुराडी. ज्याला बूड आहे आणि ज्याला नाही, ते सगळं ती करायची. तिच्या हातची बादली विहिरीत पडली तर लोक बादलीसाठी गळ टाकायचे, दोरीचं पुढं बघू म्हणायचे.

वारं गेल्यावर लेकीनं तिला दवाखान्यातून थेट आपल्या घरी नेलं. लेक परिचारिका होती, रोज अशीच माणसं उठवत-बसवत होती. महिनाभर पत्रेवाली लेकीकडं राहिली, आणि एक दिवस भाजीला म्हणून बाहेर पडली ती दुकानाचं शटर उचकटूनच थांबली. लेकीनं कपाळावर हात मारला. रोज जेवणाचा डबा पाठवायला लागली आणि रोज संध्याकाळी डोकावून जायला लागली. तशीच एकदा डोकावली, तर आई शेगडीजवळ जमिनीवर. डोक्यापासून वीतभरावर निखारे.

"पडले नव्हते," पत्रेवाली पुढं प्रत्येकाला सांगायची. "बसले होते. उठायचं बाकी होतं."

लेकीला तो विनोद कधीच पचला नाही. तिच्या वॉर्डात भाजलेली माणसं यायची. केस जळल्याचा वास तिच्या नाकात कायम होता. आईच्या टाळूवर तिनं त्या संध्याकाळी नाक टेकवून हुंगून पाहिलं होतं, हे आईला माहीत नव्हतं.

त्यात दीर पडला. पत्रेवालीचा दीर प्लॅस्टिकच्या मालाचा व्यापारी. लाल-निळ्या बादल्या, मग, टोपल्या. त्याला माल ठेवायला रस्त्यावरची खोली हवीच होती. तो वाईट माणूस नव्हता, फक्त कुठल्याही खोलीत शिरला की पहिल्यांदा त्याला ती रिकामी दिसायची. त्यानं लेकीच्या कानाशी लागून लागून विषय तापवला, आणि एका रात्री लेकीच्याच घरी जेवताना भांडण पेटलं. लेक म्हणाली, की जिला स्वतःपुरता भात टाकता येत नाही, डब्यावर जगावं लागतं, तिनं पत्रे कापायची भाषा करू नये. दुकान बंद करायचं आणि इकडं यायचं. झालं.

पत्रेवालीनं ताट बाजूला सारलं. "येत्या सुट्टीला दुपारी जेवायला या. तू, जावई आणि भाऊजी, तिघंही. सगळं मी एकटी करणार. कुणाचा हात लागला, तर तू म्हणशील ते कुलूप लाव आणि मला सामानासकट टेम्पोत टाक. नाही लागला, तर पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढायचा नाही."

"जेवण म्हणजे जेवण हवं हं वहिनी," दीर बोटं चाटत म्हणाला. "चहा-पावावर भागवायचं नाही. मासा करा. किती दिवसांत खाल्ला नाही."

मासा एका हातानं साफ करणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पत्रेवालीलाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे.

"करते की भाऊजी. काटे मोजून देऊ का?"

त्यानंतरचे दिवस तिनं चुलीचा नाही, पत्र्याचा विचार केला. जेवण करणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते भांडी उचलणं. एक पातेलं उतरवायचं, दुसरं चढवायचं, तिसऱ्यातलं पाणी ओतायचं. प्रत्येक उचलीला दोन हात लागतात आणि नेमकं तिथंच माणूस तोंडघशी पडतं. मग तिनं ठरवलं, हात एक तर भांडंही एक. खाली भाजी, वर मासा, सगळं एका ट्रेमध्ये, सगळं एकदम भाजायचं. एकदाच ठेवायचं, एकदाच उचलायचं.

असा ट्रे बाजारात मिळाला असता. पण मिळालेला ट्रे दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. म्हणून तिनं स्वतःच करायला घेतला. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बाजूला टाकला, कारण तो तापला की अन्नात उतरतो. काळा पत्रा घेतला. कोपऱ्यांना झाळ दिली नाही, कारण झाळ म्हणजे वितळवलेलं कथील, आणि भट्टीच्या आचेत ते पुन्हा वितळून माशाला लागलं असतं. कोपरे पाकिटासारखे दुमडले. एक बाजू व्हाइसच्या जबड्यात द्यायची, मोगरीनं ठोकायची, जबडा सैल करायचा, फिरवायचं, पुन्हा ठोकायचं. पाहुण्यालाही तिनं सोडलं नाही. पत्रा टेबलावरून सरकू नये म्हणून त्याला उचलून वर ठेवलं. वजन म्हणून. "एवढं तर करशील," ती त्याला म्हणाली.

आणि मग ट्रेच्या दोन्ही लांब बाजूंना बरोबर मध्यावर उंच कान बसवून तिनं त्याला कडी लावली. बादलीची असते तशी, जाड तारेची. बादली एका हातानं उचलता येते, तर ट्रे का नाही? शेवटी सवयीनं एका टोकाला लहानशी रिंगही ठोकली. तिच्या दुकानातून भिंतीला टांगायची सोय नसलेली वस्तू कधी बाहेर पडलीच नव्हती.

ट्रे वाळूनं भरला, सपाट केला, उचलून पाहिला. कडीला लटकलेला ट्रे एखाद्या तराजूच्या पारड्यासारखा शांत राहिला. तिनं शेजारच्या भिंतीवरच्या आरशात स्वतःकडं बघून भुवई उडवली.

भट्टीही घरचीच. दोन पत्र्यांच्या पेट्या एकात एक, मधल्या फटीत ठासून राख, खाली निखाऱ्यांचा खण, वरून उघडणारं झाकण. समोरून दार केलं नाही. समोरच्या दारातून ओढून काढायला वाकावं लागतं, आणि वाकून पुन्हा उभं राहणं हा तिचा आणि जमिनीचा जुना वाद होता.

सुट्टीच्या सकाळी मासा घरी आणून तिनं तो व्हाइसपुढं आडवा केला. शेपटीभोवती ओलं फडकं गुंडाळलं, शेपूट जबड्यात दिली, दांडा आवळला. आता मासा कुठं जातोय? चमच्याच्या पाठीनं शेपटीकडून डोक्याकडं घासायला लागली तसे खवले सगळीकडं उडाले. भिंतीवर, कातरीवर, तिच्या भुवयांवर. पोट चिरलं, आतडी बोटांनी ओढून काढली, गल्लीतल्या मांजरीनं तोवर उंबऱ्यावर ठाण मांडलं होतंच. मांजर तिच्याकडं बघत होती आणि ती मांजरीकडं.

"तू पण बघायला आलीस, पडते का," ती म्हणाली, आणि तिच्यापुढं आतडी टाकली.

मग घागरीतल्या पाण्यानं मासा धुतला, अंगावर तिरक्या चिरा दिल्या, चिरांत ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड कोंबली.

भाजीला तिनं एक फळकूट तयार ठेवलं होतं. दोन पितळी खिळे खालून ठोकून वर काढलेले. बटाटा खिळ्यांवर खुपसला की तो हलत नाही, आणि हलत नाही म्हटल्यावर दुसऱ्या हाताचं काम उरतच नाही. बटाट्याच्या चकत्या, गाजराचे तुकडे, कांद्याच्या फाका. लिंबू मात्र हातानं पिळवेना, बोटांतली ताकद कातरीनं आधीच खाल्ली होती. म्हणून लिंबू दिलं व्हाइसच्या जबड्यात आणि खाली वाटी ठेवली. एवढा रस त्या लिंबानं जन्मात दिला नसेल.

दुपारी तिघं आले. पुढं दीर, इस्त्रीच्या शर्टात, भिंतींवरून नजर फिरवत. डोळ्यांनीच माप घेत होता. या भिंतीला मग, त्या भिंतीला टोपल्या. मागं जावई, बस चालवायचा, स्वभावानं गरीब आणि भूक लागली की आणखी गरीब. आणि लेक. तिच्या पिशवीतून तिनं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं, ते टेबलाला टेकताच घणासारखं वाजलं.

कुलूप होतं. नवं, पितळेचं, मुठीएवढं, किल्ली आतच.

"बरं दिसतंय," पत्रेवाली म्हणाली. "वजनदार आहे. कुणी केलंय?"

"आई, बस झालं आता. तू दमलीस तर आत्ताच सांग."

"स्टुलावर बस. हात मांडीखाली घे. सवय आहे तुला हात पुढं करायची."

लेक बसली आणि खरंच दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. तिच्या नवऱ्यानंही घेतले. दिरानं घेतले नाहीत, त्याच्यावर तशी शंका कुणी घेतलीच नव्हती.

पत्रेवालीनं ट्रेला तेल चोळलं, भाजी तळाला एकसारखी पसरली, मीठ टाकलं, लांब दांड्याच्या लोखंडी आकड्यात कडी अडकवून ट्रे उचलला आणि भट्टीत अलगद उतरवला. जावयानं कडीकडं बघून हसू दाबलं. दीर कशाला दाबतोय? त्यानं विचारलं, की हे जेवण वाढायचंय की विहिरीत सोडायचंय?

"आधी बटाट्यांना पुढं पाठवायचं असतं," ती सांगू लागली, जसं काही कुणी विचारलंच होतं. बटाटा हट्टी, मासा नाजूक. दोघांना एकदम पाठवलं तर एक कच्चा राहतो आणि एकाचा भुगा होतो. बटाट्याच्या कडा तांबूस व्हायला लागल्या, तसं तिनं झाकण उचलून बाजूला केलं, माशाच्या जबड्यात आकडा घातला, तो भट्टीवर धरून शेपटीकडून भाजीवर टेकवला आणि डोकं हळूच सोडलं. वरून टोमॅटोच्या फोडी, लिंबाचा रस, तेलाची धार. झाकण लावलं, झाकणावरही चार निखारे ठेवले.

मग वास सुटला. आधी कांद्याचा गोडसर, मग लसणाचा, मग माशाच्या कातडीचा खरपूस. खोलीत इतकी वर्षं कथील, कोळसा आणि गंज एवढेच वास नांदले होते. दिराचं भिंती मोजणं थांबलं. जावयाच्या पोटातून असा आवाज आला, की मांजरीनं मान वळवली. लेक तेवढी भट्टीकडं न बघता शेगडीकडं बघत होती, जिथं त्या संध्याकाळी आई पडली होती, किंवा बसली होती, त्या फरशीकडं.

झाकण उघडलं. माशाचा डोळा पांढरा झाला होता. शिजल्याचा तोच निरोप असतो. पत्रेवालीनं आकडा कडीत घातला, पाय रोवले, आणि उचललं.

ट्रे भट्टीबाहेर आला आणि डोक्याच्या बाजूला कलंडला.

हळूच नाही, सरळ खाली. मासा घसरला, ट्रेच्या कडेवर थोबाड आपटून थांबला, आणि रस धारेनं निखाऱ्यांवर पडला. फस्सकन वाफ उठली. राख उडाली. पत्रेवालीच्या दंडाची शीर दोरीसारखी तटतटली.

तिला त्याच क्षणी चूक कळली. आयुष्यभर तिनं पाण्यासाठी, वाळूसाठी, धान्यासाठी भांडी केली. ज्यात भराल त्याचा आकार घेणाऱ्या वस्तूंसाठी. बादली भरणाऱ्यानं पाण्याला कधी विचारलं नाही, तुझं डोकं कुठं आणि शेपूट कुठं. मासा स्वतःचा आकार घेऊन येतो, आणि त्याचं सगळं वजन डोक्यात असतं. कडी बरोबर मध्यावर होती. मासा मध्यावर नव्हता.

लेक स्टुलावरून उठलीच होती. हातात फडकं, दोन ढांगांत भट्टीपाशी. तिचे हात ट्रेच्या कलंडलेल्या टोकापासून वीतभरावर आले.

"हात लावू नकोस."

पत्रेवाली ओरडली नाही. ओरडायला श्वास कुठं होता? पण लेक जागीच थांबली.

"भाजशील आई. सोड. मी धरते, कुणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन."

दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. मध्ये कलंडलेला मासा. दीर मागून सांगत होता, की झालं वहिनी, सांडलं, आता पोरीला धरू द्या, उगाच हट्ट कशाला. मासा पडू नये अशी इच्छा जावयाच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. माणूस पडताना बघून हात मागं घ्यायचा, हे लेकीला कुणी कधी शिकवलं नव्हतं. तिचं सगळं शिक्षण त्याच्या उलट होतं. तरी तिनं हात मागं घेतले. पाठीमागं नेऊन एकमेकांत गुंफून टाकले, फडक्यासकट.

पत्रेवालीनं ट्रेचं खाली झुकलेलं टोक भट्टीच्या काठावर टेकवलं. आकडा हळूहळू खाली घेत दुसरं टोकही टेकवलं. आता ट्रे काठावर आडवा होता, ना आत ना बाहेर. पण हात मोकळा झाला. तिनं इकडं-तिकडं पाहिलं. बटाटे शेपटीकडं सारून भागणार नव्हतं, बटाट्यात काय वजन असतं? पत्र्याचे तुकडे हलके. मोगरी लाकडाची. मग तिची नजर टेबलावर गेली.

कुलूप तिनं उचललं, किल्ली अंगठ्यानं फिरवली, दांडा सटकन उघडला. शेपटीच्या टोकाला भिंतीवर टांगायची ती रिंग होती, सवयीनं ठोकलेली. तिच्यात दांडा घातला आणि कुलूप दाबून बंद केलं. किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली.

पुन्हा आकडा कडीत. पुन्हा पाय रोवले. उचललं.

ट्रे उठला, किंचित डोलला, डोकं आणि कुलूप यांनी एकदा आपसांत काय ते ठरवून घेतलं, आणि ट्रे सपाट झाला. ती तो घेऊन वळली. डावा पाय फरफटत, उजव्या हातात कडी, खाली धुरकट मासा आणि टोकाला लोंबणारं कुलूप. भट्टीपासून टेबलापर्यंत फार अंतर नव्हतं. पण त्या खोलीतल्या प्रत्येकानं ते तिच्याबरोबर चालून पार केलं. ट्रे टेबलावर टेकला तेव्हा जावयानं आधी श्वास सोडला आणि मग मांडीखालचे हात काढले.

"सांडलं मात्र," दीर म्हणाला. "निम्मा रस गेला. अट म्हणजे अट."

"अट हात न लावायची होती भाऊजी. सांडायचं नाही असं कधी ठरलं? आणि रस गेलाय, मासा नाही. तुम्हाला रस हवा असेल तर भट्टीत निखारे आहेत, चाटा."

जावई इतका हसला की त्याला ठसका लागला. दिरानं आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण पत्रेवालीनं तोवर चमच्यानं माशाच्या पाठीवरून कातडी सोलली होती. आत पांढरंशुभ्र मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटत होतं. दिरानं उघडलेलं तोंड बोलण्यासाठी वापरलं नाही.

वाढलंही तिनंच. पाव बेकरीतला होता, ते तिनं कबूलच केलं होतं. माशाच्या खाली सापडलेले बटाटे वरून मऊ आणि तळाला कडक, कांद्यांना जळकी गोडी, गाजरं तेलात चमकणारी.  दिरानं माशाचं डोकं मागून घेतलं आणि गालाचं मांस बोटानं उकरून खाल्लं. ते झाल्यावर तो म्हणाला, की मीठ थोडं कमी पडलंय. पत्रेवालीनं मिठाची डबी त्याच्याकडं सरकवली. त्यानं मीठ घेतलं नाही आणि दुसऱ्यांदा बटाटे घेतले. भिंतींकडं त्यानं परत पाहिलं नाही असं नाही, एकदा पाहिलं. पण या खेपेला त्याला त्यांच्यावर टांगलेल्या वस्तू दिसल्या असाव्यात, कारण त्यानं एक नरसाळं बोटानं वाजवून विचारलं, की असं मोठं करून मिळेल का, तेलाच्या पिंपाला लागतं, प्लॅस्टिकचं तडकतं. एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं घाईनं पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

लेकीचं जेवण शेवटपर्यंत रेंगाळलं. ताटात बोटानं रेघा ओढत ती म्हणाली, "शेगडी जमिनीवर नको. टेबलावर घे. उंच. म्हणजे पडलीस तरी—"

"बसले तरी."

"बसलीस तरी निखारे डोक्याशी येणार नाहीत."

"ते मी करणारच होते," पत्रेवाली म्हणाली. ते तिच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"आणि मी संध्याकाळी येणार. रोज. त्यावर काही बोलायचं नाही."

"ये. येताना काहीतरी गळणारं घेऊन ये, नुसती येऊ नकोस."

लेक पहिल्यांदा हसली. हसताना तिचं नाक तिच्या आईसारखं फेंदारायचं, हे तिला कुणी सांगितलेलं आवडत नसे. तिनं ट्रेकडं हात नेला आणि मध्येच थांबून आईकडं पाहिलं.

"आता लाव," पत्रेवाली म्हणाली. "जेवण झालं. घासायचं काम मी कुठं मागितलंय? पण राखेनं घास, साबण नको. नवा पत्रा आहे. आणि घासून झाल्यावर तेलाचा हात फिरव, नाहीतर उद्या गंजेल."

लेक ट्रे घेऊन मागच्या खोलीत गेली. टोकाला लोंबणारं कुलूप दारावर आपटलं. तिनं किल्ली मागितली. पत्रेवाली म्हणाली, राहू दे, तिथंच बरं आहे, पुढच्या माशाला लागेल.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी पाण्याची रेघ उमटली आणि तिच्या मागोमाग मासळीवाली, डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन, पाय भिजवत. संध्याकाळ व्हायला बराच वेळ होता. पेटी तिनं जमिनीवर आदळली आणि टेबलावरच्या ताटांकडं, काट्यांच्या ढिगाकडं, दिराच्या तेलकट बोटांकडं बघून घेतलं.

"म्हणजे आहेस," ती म्हणाली.

"खवला आला का कुणाच्या दातात, विचार यांना."

कुणी उत्तर द्यायच्या आत पत्रेवालीनं पायानं पेटी उलटी केली. बूड कडेनं पार उकललं होतं. कुणीतरी मध्ये त्यावर डांबर चोपडलं होतं. तिनं तोंड वाकडं केलं, डांबर खरवडायला पटाशी उचलली आणि जावयाला दारातून बाजूला व्हायला सांगितलं, उजेड अडत होता. पाहुण्याला उचलून तिनं पेटीच्या काठावर ठेवलं, वजन म्हणून, आणि मोगरीचा पहिला ठोका घातला.